वाचकांचे प्रश्न : वायर आत जावी, पाणी जाऊ नये

छोटी पाणबुडी घरीच बांधायला घेतलेल्यांची पत्रं या वेळी ठाणे, कळवा आणि नवी मुंबईतून आली आहेत. नळी मिळते, मोटर मिळते, कॅमेराही मिळतो. घोडं अडतं ते एकाच जागी. बंद नळीतली वीज आणि सिग्नल बाहेरच्या मोटर-दिव्यांपर्यंत न्यायचे कसे? पत्रं थोडक्यात देऊन उत्तरं देत आहोत.

प्रश्न : आम्ही पॉलिटेक्निकचे चौघे. १५० मिमी आतल्या व्यासाची, ६० सेंमी लांब ॲल्युमिनियमची नळी घेतली, दोन्ही टोकांना झाकणं बसवली. माणूस बसणार नाही, २० मीटरपर्यंत जायचा बेत आहे. चार थ्रस्टरच्या (पंखा लावलेल्या, पाणबुडी ढकलणाऱ्या मोटरच्या) वायरी आयपी ६८ या पाणीरोधक दर्जाच्या पितळी ग्लँडमधून (केबल आवळून धरणाऱ्या नटातून) काढल्या. सोसायटीच्या टाकीत दीड मीटर खोल रात्रभर ठेवली. सकाळी आत अर्धा कप पाणी! ग्लँडला आतून टिश्यू गुंडाळला होता, तो कोरडा. मग पाणी आलं कुठून?
— वर्तकनगर, ठाणे

उत्तर : वायरीच्या आतून. ग्लँडचं रबर केबलचं बाहेरचं आवरण आवळून धरतं. त्याचं काम तेवढंच, आणि ते त्यानं चोख केलं आहे. आवरणाच्या आत काय चाललंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. साध्या लवचीक केबलमध्ये कोर (आतल्या सुट्या वायरी) आणि आवरण यांच्यात फटी असतात, शिवाय प्रत्येक कोर म्हणजे बारीक तारांचा पीळ. त्या तारांमधूनही लांबच लांब पोकळ वाट जाते. खात्री करायची असेल तर नव्या केबलचा फूटभर तुकडा कापा, एक टोक पाण्याच्या ग्लासात बुडवा आणि दुसऱ्या टोकातून जोरात फुंका. बुडबुडे येतील. तुमची फुंकर गेली त्याच वाटेनं पाणी आत आलं.

ते शिरलं थ्रस्टरजवळच्या सांध्यातून. तिथं बहुधा इन्सुलेशन टेप गुंडाळली असेल. पाण्याच्या दृष्टीनं ती नसल्यातच जमा. नळीच्या आत वातावरणाचा दाब, बाहेर दीड मीटरवर त्यापेक्षा सुमारे ०.१५ बार जास्त. एवढा फरक रात्रभर पाणी ढकलायला पुरतो. २० मीटरवर तो २ बार होईल.

दमट हवेचं दव जमलं असेल असं कुणी म्हणालं तर हिशेब दाखवा. ३० अंशांच्या, ८५ टक्के आर्द्रतेच्या पावसाळी हवेत घनमीटरला सुमारे २६ ग्रॅम वाफ असते. तुमच्या नळीत हवा दहा लिटर, म्हणजे वाफ पाव ग्रॅम, फार तर पाच-सहा थेंब. काचेवर धुकं धरायला तेवढं पुरतं (म्हणून सिलिका जेलची पुडी टाकावीच), पण अर्धा कप भरत नाही.

आयपी ६८ बद्दलही एक गैरसमज आहे. त्यातला ८ म्हणजे ‘कितीही खोल’ नव्हे. एक मीटरच्या पुढे सतत बुडवून ठेवता येईल एवढाच त्याचा अर्थ; किती खोल आणि किती वेळ हे ग्लँड बनवणारा ठरवतो आणि माहितीपत्रकात छापतो. छापलेलं नसेल तर तो ग्लँड पाणबुडीसाठी नाहीच असं समजा. आणि टाकी सोसायटीच्या पिण्याच्या पाण्याची असेल तर पुढची चाचणी २०० लिटरच्या ड्रममध्ये करा, सेक्रेटरींना कळायच्या आत.

आता इलाज. ग्लँडऐवजी पोकळ बोल्ट करून घ्या आणि त्यात इपॉक्सी (दोन भाग मिसळून वाळवायचा डिंक) ओतून केबल बसवा. याला पेनिट्रेटर म्हणतात. वागळे इस्टेटमधला किंवा रबाळे एमआयडीसीतला कुठलाही लेथवाला हे करून देईल, फक्त चित्र मापांसकट द्या. ५ मिमी जाडीच्या केबलला चालतील अशी मापं : आटे एम १२ (म्हणजे १२ मिमी व्यासाचे), डोकं २५ मिमी व्यासाचं आणि २० मिमी उंच. डोक्याच्या बाजूनं १० मिमीचं भोक १६ मिमी खोल, तिथून पुढे आट्यांतून आरपार ६.५ मिमीचं. डोकं नेहमी पाण्याच्या बाजूला. मोठं भोक बाहेर आणि लहान आत ठेवल्यामुळे वाळलेला इपॉक्सी पाचरीसारखा अडकतो, दाब वाढेल तसा घट्ट बसतो. उलटं केलंत तर हाच दाब त्याला बुचासारखा आत ढकलेल. १० मिमीच्या भोकात आतून दोन-तीन खाचा मारून घ्या म्हणजे इपॉक्सीला पकड मिळते.

धातूचा विचार आधी करा. ॲल्युमिनियमच्या झाकणात पितळी बोल्ट आणि भोवती खारं पाणी म्हणजे बॅटरीच झाली. झिजतं ते ॲल्युमिनियम, आणि नेमकं ओ-रिंग (पाणी अडवणारी रबरी कडी) टेकते तिथं. गोड्या पाण्यात हे सावकाश होतं, खाडीच्या पाण्यात झपाट्यानं. बोल्ट ॲनोडाइज केलेल्या ॲल्युमिनियमचा करा.

केबलचं आवरण पॉलियुरेथेनचं मिळालं तर उत्तम. पीव्हीसी चालतं, पण खरवडल्याशिवाय नाही. पॉलिथिन, टेफ्लॉन आणि सिलिकॉनला इपॉक्सी धरतच नाही. टेफ्लॉनची वायर दिसायला देखणी आणि प्रयोगशाळेत सगळ्यांची लाडकी. इथं मात्र तिच्या अंगालगत नखाएवढी फट राहते आणि पाणी तिथूनच येतं.

बोल्टच्या आत येणाऱ्या भागात बाहेरचं आवरण १० मिमीपर्यंतच ठेवा, पुढे सुटे कोर. प्रत्येक कोर मधोमध कापा आणि दोन टोकांच्या मध्ये जेमतेम मिलिमीटरभर जाडीच्या भरीव तांब्याच्या तारेचा १५ मिमीचा तुकडा सोल्डर करा. साऱ्या कामाचा जीव या तुकड्यात आहे : भरीव तारेतून पाण्याला वाटच नाही. थ्रस्टरच्या केबलमधल्या तिन्ही कोरचे जोड एकाच रेषेत येऊ देऊ नका, वरखाली ठेवा, नाहीतर आतच शॉर्ट होतील. सोल्डरचा चिकट फ्लक्स राहिला तर इपॉक्सी तांब्याला न धरता फ्लक्सला धरेल, म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. आवरण आणि भोकाची आतली बाजू १०० नंबरच्या पॉलिश पेपरनं खरवडून पुन्हा पुसा, आणि त्यानंतर बोट लावू नका. बोटाचं तेलही पुरतं.

इपॉक्सी चोवीस तासांत वाळणारं घ्या. पाच मिनिटांत आवळणारं पाणी शोषून मऊ पडतं, शिवाय इतक्या लवकर घट्ट होतं की बुडबुड्यांना वर यायला सवडच मिळत नाही. दोन्ही भाग पॅकवर दिलेल्या प्रमाणातच, मोजून. ‘हार्डनर थोडं जास्त म्हणजे लवकर वाळेल’ हा हिशेब इथं चुकतो, उरलेलं हार्डनर चिकटच राहतं. मिश्रणाची वाटी कोमट पाण्यात ठेवली की ते पातळ होऊन बुडबुडे सुटतात. आट्यांकडचं तोंड एम-सील किंवा मातीनं बंद करा, बोल्ट डोकं वर करून उभा धरा, आणि इंजेक्शनच्या सिरिंजनं तळापासून भरत वर या. वरून ओतलंत तर हवा खालीच कोंडते. जुलै-ऑगस्टच्या दमट दिवशी हे काम उघड्या बाल्कनीत करू नका. वर तेलकट थर धरतो. बंद खोलीत, जवळ साठ वॉटचा बल्ब लावून चोवीस तास ठेवा. दाबाखाली घालायच्या आधी आणखी दोन दिवस जाऊ द्या.

प्रश्न : पेनिट्रेटरखाली ओ-रिंग कशी बसवायची? आमची तर दर वेळी बाहेर सरकते. आणि नळीच्या गोल अंगावर भोक पाडलं तर चालेल का?
— ऐरोली

उत्तर : गोल अंगावर नको. ओ-रिंगला सपाट बैठक लागते; नळीच्या वळणावर ती दोन बाजूंना दाबली जाते आणि दोन बाजूंना लोंबकळते. सगळी भोकं सपाट झाकणात पाडा, १२ मिमी जाडीची प्लेट असेल तर फारच बरं.

वरच्या उत्तरातल्या बोल्टच्या डोक्याखाली १४ मिमी आतल्या व्यासाची, २.५ मिमी जाडीची नायट्राइल रिंग बसते. त्यासाठी खाच १.९ मिमी खोल आणि ३.३ मिमी रुंद. म्हणजे रिंग साधारण पाव भाग चेपते. खाच रिंगपेक्षा रुंद आहे ती मुद्दाम : चेपलेल्या रबराला पसरायला जागा लागते, कारण रबराचा आकार बदलतो, आकारमान बदलत नाही. जागा नसेल तर डोकं पूर्ण टेकतच नाही आणि तुम्ही पाना फिरवत राहता.

सरकण्याचं कारण बहुधा खाचेचा व्यास. पाण्याचा दाब बाहेरून आत येतो, तो रिंगला बोल्टच्या मध्याकडे ढकलतो. म्हणून खाचेची आतली भिंत रिंगला आधीपासूनच टेकलेली हवी, १४.२ मिमीच्या आसपास. पाइपलाइनच्या पुस्तकांत दाब आतून बाहेर धरलेला असतो, तिथं रिंग खाचेच्या बाहेरच्या भिंतीला टेकवतात. तुमच्या लेथवाल्यानं तेच नेहमीचं चित्र काढलं असेल. त्याची चूक नाही, पण त्याला सांगा.

लेथच्या गोल रेघा ओ-रिंगखाली चालतात. आडवी एक ओरखड मात्र चालत नाही, ती बाहेरून आत जाणारा पाटच असतो. रिंगला सिलिकॉन ग्रीसचा नुसता हात लावा, चमकण्यापुरता. लोण्यासारखा थापलात तर त्यात वाळू आणि केस चिकटतात, आणि एक केससुद्धा गळतीला पुरतो. रिंगा मुंबईत नागदेवी स्ट्रीटला डझनानं मिळतात. झाकण उघडलं की रिंग बदला, उगाच जपू नका.

प्रश्न : चार थ्रस्टर, दोन दिवे, खोली मोजायचा सेन्सर धरून आमच्या वीस वायरी होतात. एकाच मोठ्या भोकातून काढल्या तर?
— कळवा

उत्तर : जुडग्याच्या मधोमध इपॉक्सी पोचतच नाही, तिथं पोकळी राहते. एका पेनिट्रेटरमधून एकच केबल. त्याऐवजी वायरी कमी करा. दोन्ही दिवे बाहेरच समांतर जोडा, एक केबल वाचली. दाबाचा सेन्सर केबलवर लोंबकळत न ठेवता थेट पोकळ बोल्टमध्येच ओतून बसवा. अशा सेन्सरचा आय-स्क्वेअर-सी पद्धतीचा सिग्नल मीटरभराच्या पुढे कुरकुर करतो, त्यामुळे तोही प्रश्न सुटेल. कॅमेरा ॲक्रिलिकच्या घुमटाआड आत ठेवा, त्याला भोक नकोच. थ्रस्टरच्या तीन-तीन वायरींना मात्र पर्याय नाही, चार पेनिट्रेटर लागणारच. काठावरून येणाऱ्या दोरीत, म्हणजे लांब केबलमध्ये, फक्त हुकूम आणि आकडे पाठवायचे असतील तर आरएस-४८५ या सिग्नल पद्धतीची एक पिळलेली वायरजोडी पुरे; ती कमी वेगात १,२०० मीटरपर्यंत चालते. बॅटरी आत ठेवा. वीजही दोरीतून पाठवायची म्हटली तर ०.७५ चौ. मिमीच्या ३० मीटर केबलची जाऊन-येऊन रोधकता सुमारे १.४ ओहम, ५ अँपिअरला ७ व्होल्ट वाटेतच गडप. बॅटरीच्या बारा व्होल्टमधले पाच हाती उरतात.

प्रश्न : आमच्या गॅरेजवाल्यानं सुचवलं की जुना स्पार्क प्लग झाकणात बसवा, इंजिनाचा दाब सोसतो तर पाण्याचा काय! खरं आहे का?
— वाशी

उत्तर : अर्धं खरं, आणि तुमच्या गॅरेजवाल्याचं डोकं चांगलं चालतं. पेट्रोल इंजिनात जळतानाचा दाब ४०-५० बारच्या घरात जातो. तुमच्या २० मीटरचे २ बार म्हणजे प्लगला काहीच नाही. बहुतेक प्लगचे आटे एम १४, १.२५ मिमी पिचचे, ते पाडायचा टॅप सहज मिळतो. ठिणगीचं टोक पाण्याच्या बाजूला ठेवा, कारण प्लगची बांधणी त्या बाजूच्या दाबासाठी आहे. टोकासमोरची वाकडी ‘अर्थ’ची पट्टी करवतीनं कापून टाका.

पण तीन गोष्टी पाहा. आजकालच्या बहुतेक प्लगमध्ये रेडिओचा आवाज बिघडू नये म्हणून हजारो ओहमचा रेझिस्टर असतो. मल्टिमीटरवर शून्याच्या जवळ न दाखवणारा प्लग मोटरच्या कामाचा नाही. एका प्लगमधून एकच तार जाते, म्हणजे थ्रस्टरला तीन. आणि बाहेरचं टोक उघडा धातू आहे, त्यावर वायर सोल्डर करून पूर्ण इपॉक्सीत बुडवावं लागतं. ते केल्यावर वाचलं काय, तर फक्त लेथचं काम. नवीन वापरा, जुन्याच्या काजळीतून वीज झिरपते.

प्रश्न : स्कूटरमध्ये निगेटिव्ह बॉडीला जोडतात. पाणबुडीच्या नळीलाच निगेटिव्ह जोडलं तर दर मोटरमागे एक वायर वाचेल ना?
— कोपरी, ठाणे

उत्तर : नको. स्कूटर हवेत असते. पाणबुडीत नळीला निगेटिव्ह जोडलंत की पॉझिटिव्ह वायरीला कुठंही टाचणीएवढं भोक पडलं तरी खाऱ्या पाण्यातून सर्किट पूर्ण होतं, आणि फ्यूज उडण्याइतका प्रवाह नसल्यानं कुणाला पत्ता लागत नाही. एक अँपिअर प्रवाह तासभर गळला तर पॉझिटिव्ह टोकाचं सुमारे १.२ ग्रॅम तांबं विरघळून जातं. बारीक वायर असेल तर दुपारभरात तुटते. उघडून पाहिलं तर आत नुसता हिरवा चोथा. नळीपासून दोन्ही ध्रुव वेगळे ठेवा. बॅटरी काढून, नळी पाण्यात असताना मल्टिमीटरनं नळी आणि प्रत्येक वायर यांच्यात मेगाओहम दिसले पाहिजेत.

प्रश्न : भोकच न पाडता सिग्नल आत पाठवता येईल का? वाय-फायनं?
— घणसोली

उत्तर : सगळ्यात भरवशाचं भोक म्हणजे न पाडलेलं भोक, म्हणून प्रश्न रास्त आहे. वाय-फाय मात्र विसरा. धातूची नळी तो अडवते, आणि ॲक्रिलिकमधून बाहेर पडला तरी खाऱ्या पाण्यात काही सेंटिमीटरांत विझतो. काठावर, पाण्याबाहेर असताना घुमटातून प्रोग्रॅम भरायला तो झकास.

चालू-बंद करायला रीड स्विच (काचेच्या बारीक नळीतला, चुंबक जवळ आला की चालू होणारा स्विच) आणि चुंबक. स्थिर चुंबकाचा परिणाम ॲल्युमिनियम, ॲक्रिलिक, पीव्हीसी यांच्यातून आरामात जातो. लोखंडी नळीतून जात नाही. रीड स्विच अर्ध्या अँपिअरचाच असतो, त्यातून मोटर चालवू नका, मॉस्फेटचं (मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचचं) गेट चालवा. त्याचे पाय काचेला लागून वाकवले की काच तडकते. काचेपासून ३-४ मिमी सोडून, चिमट्यानं धरून वाकवा. थ्रस्टरमध्येही चुंबक असतात, तेव्हा स्विच त्यांच्यापासून वीतभर लांब.

काठाशी येऊन चार्ज करायचं असेल तर मोबाइलच्या वायरलेस चार्जरची पद्धत ॲक्रिलिकच्या ५ मिमी झाकणातून चालते, ॲल्युमिनियममधून अजिबात नाही. ते चार्जर शंभर किलोहर्ट्झच्या वर चालतात आणि त्या वारंवारतेचं क्षेत्र ॲल्युमिनियमच्या मिलिमीटरभरात जवळजवळ संपतं, झाकणच तापतं. चुंबक जातो आणि चार्जर जात नाही याचं कोडं पुष्कळांना पडतं. फरक स्थिर आणि बदलत्या क्षेत्राचा आहे.

प्रश्न : मोठी करून आत एक माणूस बसवायचा म्हटलं तर याच पद्धती चालतील?
— नेरूळ

उत्तर : नाही. वरची सगळी मापं ‘बुडाली तर पैसे बुडाले’ या हिशेबाची आहेत. माणूस असलेल्या पाणबुडीत प्रत्येक पेनिट्रेटरला एकामागे एक दोन स्वतंत्र अडसर लागतात, म्हणजे बाहेर केबल मुळापासून तुटली तरी आतला अडसर पूर्ण दाब धरून राहतो. आणि ते काम वर्गीकरण संस्थेच्या (जहाजं-पाणबुड्या तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या) तपासणीखाली होतं. तशी तपासणी न झालेली टायटन ही पर्यटकांची पाणबुडी जून २०२३ मध्ये पाच जणांसह चिरडली. तिथं दोषाचा संशय केबलवर नव्हे, नळीवरच होता. तुमची नळी घरी बांधलेली असेल तर केबलच्या आधी तोच प्रश्न उभा राहतो.

प्रश्न : खाडीत किंवा उपवन तलावात न नेता पेनिट्रेटरची परीक्षा कशी घ्यावी?
— लुईसवाडी, ठाणे

उत्तर : तलावात परवानगीशिवाय नकोच, आणि ठाणे खाडीचा मोठा भाग फ्लेमिंगो अभयारण्य आहे. शिवाय खाडीच्या गढूळ पाण्यात हरवलेलं यंत्र शोधायचं कसं?

प्लंबर नवी पाइपलाइन तपासायला हातानं चालवायचा प्रेशर पंप वापरतात, गेजसकट. तो दिवसाच्या भाड्यानं मिळवा. ४ इंची जीआय पाइपचा फूटभर तुकडा, एका बाजूला कॅप, दुसऱ्या बाजूला फ्लँज (बोल्टची भोकं असलेली चपटी कड) आणि त्यावर १२ मिमी प्लेट. प्लेटमध्ये पेनिट्रेटर असा बसवा की डोकं पाइपच्या आत, आट्यांची बाजू बाहेर हवेत. केबलचं पाइपच्या आतलं टोक मुद्दाम उघडं, कापलेलं ठेवा. हीच खरी परीक्षा, कारण पाण्याला वायरीतून यायची सगळी मोकळीक दिलेली असते.

पाइप पाण्यानं काठोकाठ भरा, हवेचा एक बुडबुडाही नको. हवेनं दाब देऊन चाचणी कधीही करू नका. ५ बारला त्या प्लेटवर जवळपास ४०० किलोचा जोर असतो; बोल्ट सुटला तर पाण्याचा दाब क्षणात उतरतो, दाबलेली हवा मात्र प्लेट तोफेसारखी उडवते. २० मीटरसाठी ३ बारवर तासभर धरा, मग शून्यावर आणा, पुन्हा ३. असं दहा वेळा. पुष्कळ पेनिट्रेटर पहिल्या खेपेला पास होतात आणि सहाव्या-सातव्याला आवरणापासून सुटतात. कोरड्या बाजूच्या प्रत्येक कोरच्या टोकाला टिश्यूचा तुकडा बांधा. गेजवर फार विसंबू नका. दुपारी भरलेलं पाणी संध्याकाळी गार झालं की काटा आपोआप उतरतो. टिश्यू भिजला तरच गळती.

मग विजेची चाचणी. बादलीत लिटरला ३५ ग्रॅम मीठ घाला. केबलचं तेच उघडं टोक हवाबंद करा किंवा बादलीबाहेर ठेवा, बाकी केबल आणि पेनिट्रेटरचं डोकं बुडवून ठेवा. चोवीस तासांनी ५०० व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्रानं) कोर आणि पाणी यांच्यात मोजा. शंभर मेगाओहमच्या खाली आलं तर तो पेनिट्रेटर बाद. मेगर लावताना दुसऱ्या टोकाला इलेक्ट्रॉनिक्स जोडलेलं नाही ना, हे आधी पाहा. एका बटणात सगळा बोर्ड जातो.

पूर्ण जुळवलेल्या पाणबुडीला पाण्यात सोडायच्या आधी झाकणातल्या हवेच्या बुचातून ब्रेक ब्लीडिंगच्या हातपंपानं अर्धा बार हवा ओढा आणि पंधरा मिनिटं काटा पाहा. बाहेरचा दाब जास्त असल्यानं सगळ्या ओ-रिंगा पाण्यात दाबल्या जातील त्याच दिशेनं दाबल्या जातात. काटा हलला तर एकेक झाकण आणि बोल्टवर साबणाचं पाणी लावत बसू नका, ते फक्त आतून बाहेर गळणाऱ्या हवेला बुडबुडा देतं. त्याऐवजी एकेका पेनिट्रेटरच्या जागी भरीव बोल्ट लावून पुन्हा हवा ओढा. काटा ज्याच्या जागी बोल्ट लावल्यावर थांबला, तो काढून ठेवा.